पिठाला बांधलेला पट्टा

नायोंगने बाळाच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. दोन गेली, तिसरं जाईना. मग बाळाच्या नाकावर नाक घासून ती सासूकडे वळली.

"अहो आई, एवढंच लक्षात ठेवा. रडली, ओकली, काहीही केलं तरी गाडी चालू असताना हिला यातून काढायचं नाही. आधी गाडी बाजूला, मग थांबवायची, मग काढायचं."

"बरं."

"नुसतं बरं नको. हे ऐकणार नाहीत. तुम्ही ऐका."

"ऐकलं गं बाई," डिकीत नाशपातीची खोकी कोंबत इन्सू म्हणाला. "एका कानानं का होईना, ऐकलं." त्याचा डावा कान लहानपणापासून बहिरा होता आणि त्यावर स्वतःच विनोद करायची त्याची जुनी खोड. "एवढं काय त्याचं? मला आईनं पोदेगीत बांधून वाढवलं. कुठली सीट अन् कुठलं काय! झालो की नाही चाळिशीचा घोडा? विचार तिला."

त्याच्या आईच्या, सुनिमच्या, हातात तीच पोदेगी होती, पाठीशी पोर बांधायची, लांब बंदांची जाड गोधडी. तिने ती छातीशी घट्ट धरली.

नायोंग इस्पितळात अपघाताच्या विभागात परिचारिका होती. चुसकच्या सणाच्या आदल्या दिवशी सगळा देश गावाकडे निघतो, तेव्हा तिला सुट्टी मिळत नसे. ती उद्या आगगाडीने यायची होती. इस्पितळात काय काय पाहते ते ती घरी कधी बोलत नसे. फक्त एकदा, रात्रपाळी संपवून आली तेव्हा, झोपलेल्या बाळाचं, सोदामचं, पाऊल मुठीत धरून ती तासभर जमिनीवर बसून राहिली होती. सुनिमने ते स्वयंपाकघरातून पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं. विचारलं तर आपल्यालाही काही सांगावं लागेल, असं तिला वाटलं होतं.

इमारतीच्या तळघरातून गाडी वर निघाली आणि सुनिमच्या पोटात नेहमीचा गोळा आला. गाडीचं दार लागलं की तो यायचाच. गेली अडतीस वर्षं येत होता. घरच्यांना वाटे, हिला गाडी लागते. इन्सू दर प्रवासाआधी औषधांच्या दुकानातून मळमळ थांबवणारी पट्टी आणून आईच्या कानामागे चिकटवी. सुनिम चिकटवू देई. पोटातला गोळा त्या पट्टीने कधीच गेला नव्हता, पण मुलाची बोटं कानामागे लागत, ते तिला बरं वाटे आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं होई.

ती इन्सूच्या बरोबर मागे, डावीकडच्या खिडकीशी बसली होती. शेजारी उजवीकडे अकरा महिन्यांची सोदाम, पाठमोऱ्या सीटमध्ये, स्वतःच्या मोज्याशी भांडत. पुढची जागा पिशव्यांनी भरलेली. पश्चिम किनाऱ्याच्या महामार्गाला लागून वीस मिनिटंही झाली नसतील, तोच पुढे लाल दिवेच दिवे दिसले आणि गाडी थांबली.

"लागली वाट," इन्सू म्हणाला. "आता संध्याकाळी पोचलो तरी पूर्वजांची कृपा."

दोन तासांत पाच-सहा मैलही कटले नाहीत. फुगवलेल्या तांदळाच्या चकत्या विकणारा माणूस मोटारींच्या रांगांमधून चालत आला. तो दिसला की समजायचं, रांग लवकर हलणार नाही. त्याला रांगेची खबर पोलिसांच्या आधी लागते. इन्सूने काच खाली करून मोठी पिशवी घेतली आणि मागे आईच्या मांडीवर टाकली.

"आजी, नातीला मऊ करून द्या," विकणारा जाता जाता म्हणाला. "अजून तासभर तरी निवांत बसा!"

शेजारच्या गाडीत एक आजोबा नातवाला मांडीवर उभं करून त्याच्याकडून आभाळाला टाटा करून घेत होते. त्यापुढच्या गाडीत दोन पोरं मागच्या सीटवर चक्क कुस्ती खेळत होती. सणाच्या रांगेत हे असंच असतं. गाडी चालत नाही तर पट्टा कशाला? लहानथोर सगळे मोकळे होतात, माजघरात बसल्यासारखे.

सोदाम रडायला लागली. आधी कुरकुर, मग सूर, मग असं रडणं की श्वास अडकून ओठ निळसर व्हावेत. सुनिमने चकती दिली, खुळखुळा दिला, तळपाय चोळले, कोंबडीचं गाणं म्हटलं. पोर काही ऐकेना.

"काढ गं आई तिला."

"नायोंग काय म्हणाली..."

"नायोंग इथे नाहीये. गोगलगाय आपल्याला मागे टाकून गेली असेल. पोरीचा जीव चाललाय बघ रडून."

"बाजूला घे ना मग."

"कुठे घेऊ? आकाशात? तीन रांगा भरल्यात. घे पोदेगीत, दोन मिनिटांत झोपेल. मी नाही सांगत नायोंगला."

नको, असं सुनिमला ओरडून म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की का नको हे सांगावं लागतं. आणि ते एक 'का' तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून पुरलं होतं. नवरा तर मरून, त्यावर मातीही ओढून मोकळा झाला होता. सोदामने पुन्हा श्वास कोंडला. सुनिमने लाल बटण दाबलं.

बाळाला छातीशी घेऊन पोदेगीचे बंद पाठीमागून फिरवायचे तर स्वतःचा पट्टा आडवा येत होता. तिने तो काढला. लगेच गाडीतली घंटी टुणटुणायला लागली.

"पाठीमागून लावून टाक," इन्सू म्हणाला. "गप्प बसते."

तिने रिकामा पट्टा पाठीमागून खाचेत अडकवला. घंटी गप्प झाली. पोदेगीच्या उबेत दोन हुंदके देऊन सोदामही गप्प झाली. तिचं ओलं नाक सुनिमच्या गळ्याला लागलं. इन्सूने आरशातून पाहून हसत अंगठा दाखवला आणि गाणी लावली.

आणि मग रांग सुटली.

ती कशी सुटते कुणाला कळत नाही. पुढचा लाल दिवा विझला, त्याच्या पुढचा विझला, आणि बघता बघता तिन्ही रांगा धरण फुटावं तशा वाहायला लागल्या. तीन तास मुठी आवळून बसलेल्या इन्सूने पाय दाबला. तीस. साठ. नव्वद. त्याने काच बोटभर उघडली, वारा आत घुसला आणि तो गाण्याबरोबर गुणगुणायला लागला.

"इन्सू," सुनिम म्हणाली. "बाजूला घे. हिला बसवायचंय."

त्याला ऐकूच गेलं नाही. डाव्या बाजूला वाऱ्याचा घोंगाट, उजव्या कानाशी गाणी, आणि ती त्याच्या मागे, त्याच्या मेलेल्या कानाच्या बाजूला.

"इन्सू! अरे!"

तो गुणगुणतच होता. वेगाच्या आकड्यात तीन अंक आले. पुढे खाडीवरचा पूल सुरू होत होता आणि पाण्यावरून धुकं कापसाच्या ढिगासारखं वर येत होतं.

तिने किंचाळायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती किंचाळली तर तो दचकेल. दचकला तर आधी ब्रेक दाबेल. बाळ तिच्या छातीशी आणि तिच्या स्वतःच्या अंगावर पट्टासुद्धा नाही. ओरडावं तर मरण, न ओरडावं तर मरण. पाठीमागची गाठ सोडायला ती बोटं लावू लागली, पण घट्ट मारलेली गाठ, आणि बोटं तर कधीच तिची राहिली नव्हती. एक हात सुटला की पोर सैल होत होतं. तिने पुन्हा दोन्ही हातांनी तिला कवटाळलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे कवटाळणं तिच्या ओळखीचं आहे. हाच जोर. हीच, बोटांची हाडं दुखेपर्यंतची पकड. तेव्हाही वाटलं होतं, माझ्या हातांतून याला कोण नेतंय?

मग तिला फोन आठवला.

जाकिटाच्या खिशात तिचा जुना घडीचा फोन होता. एकचा आकडा दाबून धरला की इन्सूला लागतो. त्यानेच तशी सोय करून दिली होती. तिने डाव्या हाताने पोर आवळून उजव्या हाताने फोन उघडला आणि एक दाबून धरला. गाणी थांबली. सगळ्या गाडीभर घंटी घुमली.

"आई?" इन्सू बुचकळ्यात पडून म्हणाला. "मागच्या मागे फोन काय करतेस? बटण दाबलं गेलं का?"

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज आता पुढच्या स्पीकरमधून, त्याच्या चांगल्या कानात येत होता. तिने तो झोपलेल्या मुलाला उठवताना करतात तसा मऊ ठेवला. "दचकू नकोस बाळा. ब्रेक मारू नकोस. नुसता पाय उचल. हळू हो. उजवीकडे जा आणि पूल संपला की थांब."

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"काही दुखत नाही. ब्रेक नको मारू. हळूहळू."

मागून एका मालट्रकने कर्णा वाजवत त्यांना ओलांडलं, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. सुनिमने डोळे मिटले नाहीत. मिटले तर ते दुसरं दृश्य दिसेल हे तिला ठाऊक होतं. पूल संपला. डुलकी येणाऱ्या चालकांसाठी रस्त्याकडेला असतं तसं छोटं आवार आलं, आणि गाडी त्यात शिरून थांबली.

इन्सूनेच पाठीमागची गाठ सोडली. झोपलेल्या सोदामला तिने सीटमध्ये ठेवलं, पट्टे ओढले, दोन बोटं घालून पाहिली. पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा पाहिली.

"एवढंच होतं?" इन्सू म्हणाला. तो घाबरला होता आणि आता त्याला त्याचाच राग आला होता. "मला वाटलं तुला झटका आला! महामार्गावर असं करतात का, आई? नायोंगनं तुझ्या डोक्यात भरवून ठेवलंय सगळं."

"भीती वाटली."

"तुला गाडीत बसलं की भीतीच वाटते."

त्याने काही चुकीचं म्हटलं नव्हतं. सुनिमने स्वतःचा पट्टा पाठीमागून काढला, छातीवरून घेतला आणि खट्कन लावला. हातांना काम हवं म्हणून चकत्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती दोन्ही हातांनी धरून बसली.

दहा मिनिटं झाली असतील. धुकं रस्त्यावर उतरलं होतं. इन्सू आता बेताने हाकत होता, रागात असला तरी. आणि धुक्यातून एकाएकी लाल दिवे निघाले, दोन नव्हे, भिंतभर, सगळे लुकलुकणारे. रांगेचं शेपूट.

इन्सूने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला.

पट्ट्याने सुनिमला हाडापर्यंत आवळलं. तिचा श्वास कुणीतरी मुठीत धरला. चाकं किंचाळली, आणि तिच्या हातांतली पिशवी नव्हतीच. ती कधी सुटली हेसुद्धा तिला कळलं नाही. पुढच्या काचेवर जाऊन ती फटाक्यासारखी फुटली, आणि पांढऱ्या चकत्या, त्यांचा भुगा, सगळ्या गाडीत उडाला.

समोरच्या गाडीची मागची पाटी हातभर अंतरावर. मागून कुणी येऊन आपटेल म्हणून दोघंही मान आखडून बसले. मागचा थांबला. त्याच्या मागचाही थांबला असावा.

"सोदाम!" इन्सूने पट्टा सोडून अंग वळवलं. "आई! सोदाम?"

सोदाम सीटच्या पाठीत रुतून बसली होती, मोठ्या तळव्यात झेलल्यासारखी. डोळे उघडे, केसांवर तांदळाचा भुगा. तिने इकडेतिकडे पाहिलं, भुगा बोटाने तोंडात घातला, आणि मग आठवण झाल्यासारखी रडायला लागली. सुनिमने आयुष्यात एवढं गोड रडणं ऐकलं नव्हतं.

इन्सू हसायला लागला. त्याच्या हसण्यात रडणंही होतं. "चकत्या बघ. काच धुवायला पाहिजे... अगं आई, पिशवी बघ कुठे आलीय."

"ती माझ्या मांडीवर होती," सुनिम म्हणाली.

"हो."

"मी धरली होती."

तो हसायचा थांबला. "हातात?"

"दोन्ही हातांनी."

त्याने काचेकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ऐकायचं असलं की तो मान वळवून उजवा कान पुढे करी, शाळेत असल्यापासून. तसाच तो वळून बसला. सुनिमला वाटलं, आता बोलले नाही तर चितेवरही हे माझ्या तोंडात राहील.

"तुलाही दोन्ही हातांनीच धरलं होतं," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. असाच सणाचा आदला दिवस. तू तीन वर्षांचा. तुझ्या बाबांनी नवीन छोटा ट्रक घेतलेला, निळा, सगळं हेनाम गाव बघायला आलं होतं. आपण गिरणीतून नव्या तांदळाचं ओलं पीठ घेऊन निघालो होतो, सणाच्या मोदकांचं. परात काठोकाठ भरलेली. बाबा म्हणाले, पीठ सांडलं तर तुझी आजी मला घरात घेणार नाही. मधल्या जागेवर परात ठेवली आणि तिथला पट्टा ओढून परातीला बांधला, वरून फडकं. तू माझ्या मांडीवर, पोदेगीत गुंडाळलेला. लसणाच्या वावराशी वळण आहे ना, तिथे समोरून यंत्राचा नांगर आला. बाबांनी ब्रेक मारला. मी तुला धरलं होतं रे. माझ्या बोटांत पोदेगी राहिली, तू नाही राहिलास. समोरच्या लोखंडी कडीवर डोकं आपटलं. या बाजूनं.

तिने स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला.

"चिमूटभर पीठ सांडलं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी त्याचेच मोदक वळले आम्ही. तू निपचित पडला होतास आणि मी मोदक वळत होते. बाबा म्हणाले, ओसरीवरून पडला म्हणायचं. मग शाळेत कान कळला तेव्हा म्हणाले, गोवर म्हणायचं."

"म्हणजे गोवर..."

"तुला गोवर झालाच नाही कधी."

मागच्याने कर्णा वाजवला. रांग पुढे सरकली होती. इन्सू पुढे वळला, पट्टा लावला आणि गाडी चालवायला लागला. गाणी लावली नाहीत. सुनिमला पूल परवडला असता, पण ही शांतता नको होती. हा आता काय करेल? मला गावाला सोडून तिथेच राहा म्हणेल? नातीला हात लावू देणार नाही? म्हणाला तर काय चूक?

विश्रांतीच्या थांब्यावर तो उतरला आणि फोन कानाला लावून गाडीच्या उजव्या बाजूला, सोदामच्या खिडकीशी उभा राहिला. काच अर्धी उघडी होती.

"हो, निम्म्यात आलोय... रडली, खूप. नायोंग, ऐक. तिला काढलं होतं सीटमधून. मी काढायला लावलं." बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "बोल, काय बोलायचं ते बोल... हो... नाही, आईनं परत बसवली. नाहीतर मी थांबत नव्हतो." मग आवाज खाली आला. "उद्या ये, मग सांगतो. फोनवर सांगण्यासारखं नाही."

आत येऊन त्याने आईला गरम अक्रोडाच्या केकची पुडी दिली. ती उघडूनही दिली.

हेनामला पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. घराआधी गिरणी लागते. तिथे पीठ सांगून ठेवलेलं होतं. गिरणीवाला म्हातारा परात घेऊन बाहेर आला, वर ओलं फडकं.

"काय इन्सू, पोरगी झाली म्हणे! वहिनी, तब्येत बरी? ही परात पुढच्या सीटवर ठेवू का? पट्टा लावून देतो, सांडायची नाही."

"नको," इन्सू म्हणाला. "डिकीत ठेवा, मामा."

"अरे, सांडेल तिकडे!"

"सांडू दे."

म्हातारा पुटपुटत मागे गेला. इन्सूने पुढच्या सीटवरच्या पिशव्या उचलून मागे पायांशी ठेवल्या. मग सोदामच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. आईकडचं दार उघडलं.

"पुढे बस."

त्या रस्त्यावर, त्या वळणाच्या अलीकडे, सुनिम पुढच्या सीटवर अडतीस वर्षांत बसली नव्हती. "मागेच बरी आहे मी. बाळ एकटं..."

"बाळ नीट बांधलेलं आहे. तू पुढे बस. या बाजूनं मला ऐकू येतं."

ती बसली. त्याने वाकून तिचा पट्टा ओढला, लावला आणि त्याखालीही दोन बोटं घालून पाहिली. त्याचं बोट तिच्या छातीच्या हाडाला लागलं, जिथे आता वळ उठला होता, तशी ती कळवळली. त्याने पाहिलं आणि पट्टा तसाच राहू दिला.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंनी लसणाची वावरं, नुकती नांगरलेली. दूर वळण दिसायला लागलं आणि सुनिमचे हात आपोआप वर आले, काहीतरी धरायला.

"हेच का?" इन्सूने विचारलं.

"हेच."

त्याने पाय उचलला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वळणात शिरली. मागे सोदाम आपल्या मोज्याशी काहीतरी बोलत होती. समोर रस्ता रिकामा होता. सुनिमच्या पोटातला गोळा तिथेच होता, पण तो कुठून आला हे आता गाडीतल्या दोघांना ठाऊक होतं.

"बाबांनी नांगरवाल्याला शिव्या घातल्या असतील," इन्सू म्हणाला.

"खूप," ती म्हणाली. "खूप घातल्या रे."

वळण संपलं.